बिनधुराचं इंजिन

दाराची चौकट वाकडी दिसते, असं ताई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा थाऊने आतून गुण्या आणून चौकटीला लावला. चौकट काटकोनात होती. मग ओळंबा सोडून पाहिला, तोही बरोबर आला. "काही वाकलेलं नाही," असं सांगून तो हात धुवायला गेला. आता याला काय म्हणावं. बायको सांगते की मला वाकडं दिसतंय, आणि हा गृहस्थ चौकट मोजत बसतो. डोळे तपासायचं सुचलं ते लेकीला, आणि तेही ताईने भाजीऐवजी बोटावर सुरी फिरवली तेव्हा.

थाऊ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक थाऊ. आपल्या डोक्यावरचा केस दोन-तीन थाऊ जाड भरतो. ट्रकची इंजिनं झिजली की त्यांच्या सिलिंडरची गोलाई जाते, लांबट होते. ती पुन्हा गोल कापायची, याला बोअर करणं म्हणतात, आणि हा माणूस आयुष्यभर तेवढंच करत आला. एका थाऊने माल जास्त कापला तर इंजिन खडखडतं, एका थाऊने कमी कापला तर जाम होतं. दिवसभर तोंडात दोन थाऊ, दीड थाऊ, अर्धा थाऊ. मग नाव पडायला कितीसा वेळ लागतो. आता तर त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नाही.

ताई ही त्याच्या वस्तादांची मुलगी. मिसरूड फुटायच्या आधी तो वस्तादांच्या गॅरेजमध्ये लागला. तिथे सगळे तिला ताई म्हणायचे म्हणून हाही ताईच म्हणायचा. पुढे दोघांचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. बायकोला ताई म्हणायचं तरी कसं? तेव्हापासून तो तिला नुसतं 'अगं' म्हणतो आणि उरलेली सगळी गल्ली ताई म्हणते. ती त्याला आधीपासून अरे-तुरे करायची, तशीच करत राहिली. चारचौघांत मात्र आवर्जून 'अहो' म्हणायची, आणि तिने 'अहो' म्हटलं की त्याला उगाचच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

वस्तादांची एक गाडी होती. दोनच माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची स्पोर्ट्‌स गाडी. इतकी बुटकी की आत बसलं की रस्ता बुडाला लागतोय असं वाटावं. एका श्रीमंत गिऱ्हाइकाने हौस फिटल्यावर ती गॅरेजमध्ये टाकून दिली होती. वस्तादांनी ती उभी केली आणि मुलीला चालवायला शिकवली. ताई डोंगराच्या रस्त्यावरच्या शर्यतीत उतरायची तेव्हा लोक आधी हसायचे. मग ती वळणावर त्यांना मागे टाकून निघून जायची आणि मग ते हसायचे नाहीत. थाऊला गाडी चालवणं कधी धड जमलं नाही. त्याचा जीव इंजिनात. ताईचं उलटं होतं, तिला बॉनेटखाली काय आहे त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, तिला फक्त पुढचा रस्ता लागायचा.

वस्ताद गेल्यावर गॅरेजची जागा ताईच्या भावाकडे गेली, थाऊ दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला, गाडी ताईकडे आली. तोवर इंजिन म्हातारं झालं होतं. निळा धूर ओकायचं, तेल प्यायचं, आणि एक दिवस बंद पडलं ते पडलंच. थाऊने गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली, वर जुनी चादर टाकली आणि म्हणाला, करू एकदा निवांत. तो निवांतपणा काही आला नाही. लेक लहान होती ती मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत राहायला गेली. चादरी दोन-तीन बदलल्या. गाडी तशीच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढला आणि समजावून सांगितलं. पडद्याचा मधला भाग खराब होतोय. या दुखण्यात मधलं जातं, कडेचं राहतं. माणूस अगदी आंधळा होत नाही, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच दिसेनासं होतं. एक डोळा बराच गेलाय, दुसरा अजून चांगला आहे. डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर वेग कमी होईल. किती दिवस मिळतील ते विचारू नका, वर्षभर मिळेल किंवा नाहीही मिळणार.

 परत आल्यावर घराचं कुलूप काढताना ताई म्हणाली, "मला गाडी चालवायची आहे. एकदाच. दिसतंय तोवर."

"करतो," थाऊ म्हणाला. आणि हे मनापासून म्हणाला, त्याच्यावर खोटेपणाचा आळ नको. त्याच आठवड्याच्या सुट्टीला त्याने चादर काढली, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं आणि चारही सिलिंडरमध्ये बोट फिरवून पाहिलं. वरच्या काठापाशी नख अडकत होतं. तिथवर झीज, त्याच्या वर मूळचं लोखंड. मापं घेतली. जेवढं वाटलं होतं त्याहून वाईट निघालं.

आता इथे दोन रस्ते होते. ही गोष्ट सगळी या दोन रस्त्यांचीच आहे. पहिला रस्ता सोपा. सिलिंडर घासून खरखरीत करायचे, पिस्टनला नव्या रिंगा चढवायच्या, व्हॉल्व्ह घासायचे आणि बंद करायचं. महिन्याभराचं काम, तेही सावकाश केलं तर. इंजिन चाललं असतं. थोडा धूर टाकला असता, थोडं तेल प्यायलं असतं, पण चाललं असतं.

ताई शेडमध्ये उलट्या खोक्यावर बसली होती. ती म्हणाली, हेच कर.

"धूर निघेल," तो म्हणाला.

"निघू दे. धूर मागे जातो. मी पुढे बघणार आहे."

कुठलाही शहाणा माणूस इथे मान डोलावून कामाला लागला असता. पण थाऊला ते पटेना. ट्रकवाले इंजिन घेऊन यायचे आणि म्हणायचे, नुसत्या रिंगा टाक, भागतंय. तो त्यांना हाकलून द्यायचा. अर्धवट काम माझ्या हातून होणार नाही, दुसरीकडे जा, असं म्हणत त्याने अख्खं आयुष्य काढलं. आणि आता वस्तादांच्या गाडीत, स्वतःच्या बायकोसाठी, नुसत्या रिंगा? गाडी गल्लीतून धूर सोडत जाणार आणि लोक बघणार? या कल्पनेनेच त्याच्या कपाळावर आठी चढली.

दुसरा रस्ता म्हणजे बोअर करून मोठे पिस्टन घालणं. पण मोठे पिस्टन आणायचे कुठून? गाडीची कंपनी कधीच बुडाली होती. परदेशातून मागवायचे तर घर विकायची पाळी. मग तो भंगारवाल्याकडे गेला. हा भंगारवाला त्याचा जुना दोस्त, बोलायला तिखट आणि वजनाला चोख. त्याच्या ढिगात थाऊला मालवाहू टेम्पोचे पिस्टन दिसले. मूळ पिस्टनपेक्षा अंगाने बरेच मोठे, पण उंची साधारण जुळती. त्याने एक उचलून हातात फिरवला, खिशातलं माप लावलं आणि तिथेच, भंगाराच्या ढिगात उभा राहून, त्याच्या डोक्यात सगळं इंजिन उभं राहिलं. सिलिंडर या मापाला कापायचे. इंजिन मोठं होईल, ताकद वाढेल, धूर नावाला उरणार नाही. वस्तादांच्या मनात कितीदा आलं होतं हे करायचं. त्यांना जमलं नाही.

घरी येऊन त्याने शेडच्या जमिनीवर खडूने आकृती काढून ताईला समजावलं. बोलता बोलता तो उकिडवा बसला, गुडघे दुखतात हेही विसरला. गेली कित्येक वर्षं हा माणूस कामावरून आला की भिंतीला टेकून नुसता बसायचा. असा बोलताना ताईने त्याला कधी पाहिला असेल ते तिलाच आठवेना. म्हणून तिने रिंगांचा विषय पुन्हा काढला नाही. एवढंच विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, होईल लवकर. हे असं उत्तर त्याने कुठल्या ट्रकवाल्याला दिलं नसतं.

आणि मग ते काम सुरू झालं. दिवसभर वर्कशॉप. पत्र्याचं छप्पर, जळक्या तेलाचा वास, मशीनवर पडणारं दुधाळ पाणी, बुटात शिरलेला लोखंडाचा कीस. संध्याकाळी घरी आला की हात धुवायचे, दोन घास खायचे की शेडमध्ये. टेम्पोचे चार पिस्टन, तेही तीन वेगवेगळ्या इंजिनांतून निवडलेले. त्यांच्यावर काजळी बसून दगड झालेली, ती खरवडायची. पिस्टनची पिन जाड, म्हणून पिस्टनला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं भोक मोठं करून त्यात नवा बुश, म्हणजे पितळी कडं, ठोकायचा. पिस्टनचं डोकं जरा उंच, ते लेथवर उतरवायचं. नवं काही विकत घ्यायची ऐपत नव्हती. जे पैशाने होणार नाही ते अंगाने करायचं, आणि अंग तर आधीच थकलेलं. कधी कधी तो हातात कानस घेऊन स्टुलावर बसायचा आणि तसाच पेंगायचा. दचकून जागा व्हायचा आणि पुन्हा घासायला लागायचा.

पूर्वी संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसायची. तो चहा प्यायचा, ती बोलायची. कोण आलं, कोण काय म्हणालं, लेकीचा फोन, शेजारणीचं भांडण. तो 'हं' म्हणायचा. फार काही नव्हतं, पण रोज होतं. ते बंद झालं. ती ताट झाकून ठेवायची आणि पायरीवर एकटी बसायची. शेडचं दार उघडं असायचं, आत दिवा असायचा, आणि दिव्यासमोर वाकलेला नवरा.

सुरुवातीला ती विचारायची, कधी होईल? मग विचारायची सोडली. इंजेक्शनच्या दिवशी थाऊ म्हणाला, या खेपेला लेकीबरोबर जा, मी ब्लॉक मशीनवर लावलाय. पुढच्या खेपेलाही काहीतरी निघालं. तिसऱ्या खेपेला तर त्याला विचारलंच नाही. लेक आली आणि आईला घेऊन गेली. जाताना शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा तरी डॉक्टरांशी बोला. तो म्हणाला, हो, हे एवढं झालं की. पोरीने आईचा हात धरला आणि ती निघून गेली.

सिलिंडर कापायचं काम त्याने सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपच्या मशीनवर केलं. मालकाने किल्ली देऊन ठेवली होती. पहिला सिलिंडर कापला, दुसरा कापला. लोखंड जुनं होतं, पण छान, बारीक काळ्या भुकटीसारखा कीस पडत होता. तिसरा कापताना आवाज बदलला. आवाज बदलला की त्याचा हात आपोआप बटणावर जातो. त्याने मशीन थांबवलं, फडक्याने भिंत पुसली, बॅटरी मारली. गुळगुळीत चकाकत्या भिंतीत एक बारीक काळं टिंब होतं, सुई टोचल्यासारखं. त्या काळ्या टिंबाचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. भिंतीपलीकडे पाणी खेळायची पोकळी असते, तिथवर तो पोचला होता. ओतकामाच्या वेळी कारखान्यातच भिंत एका बाजूला पातळ झाली असणार, आणि ते वरून कळायला मार्ग नाही.

तो खाली जमिनीवर बसला, किसाच्या ढिगाशेजारीच. त्याला राग आला नाही, रडूही आलं नाही. फक्त खूप झोप आली.

इलाज होता. तो सिलिंडर अजून मोठा कापायचा, त्यात लोखंडाची नळी म्हणजे लायनर ठोकून बसवायचा आणि लायनर आतून मापाला कापायचा. करता येत होतं, पण आठवडे जाणार होते. घरी सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "जुने पिस्टन घालून नाही का भागणार आता?" तो म्हणाला, आता ते आत खुळखुळ्यासारखे वाजतील. मागे फिरायला जागा उरली नव्हती. ती म्हणाली, मग कर बाबा. आणि पायरीवर जाऊन बसली.

लायनर भंगारातल्या जनरेटरच्या इंजिनातून मिळाला. भंगारवाला थाऊकडे नीट बघून म्हणाला, अरे, आरशात बघतोस की नाही? लायनरपेक्षा तूच जास्त झिजलास. थाऊ हसला. हसायचं म्हणून हसला.

टेम्पोचे ते चारही पिस्टन सारखे नव्हते. जुना माल, एक दुसऱ्यापेक्षा दोन थाऊ लहान, एक मोठा. म्हणून त्याने प्रत्येक पिस्टन मोजून प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनपुरता कापला होता. पहिल्याचा पहिल्यात, दुसऱ्याचा दुसऱ्यात. पिस्टनच्या डोक्यावर ठशाने आकडे मारले होते. काम चोख होतं. सगळं इंजिन जोडून गाडीत चढवलं, पाणी भरलं, तेल भरलं, आणि एका सुट्टीच्या सकाळी गाडी गल्लीत ढकलत आणली.

ताई चालकाच्या जागेवर बसली. तिने केस घट्ट बांधले होते. दोन्ही हात चाकावर ठेवले आणि मान जराशी तिरकी करून, चांगल्या डोळ्याने, समोरचा रस्ता शेवटपर्यंत पाहिला. शेजारपाजारचे दारात आले होते. इंजिन दुसऱ्याच झटक्याला सुरू झालं. आवाज असा भरदार की गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या. धुराचा मागमूस नाही. थाऊ मागे जाऊन धुराच्या नळीपाशी वाकून बघून आला. जरा गरम होऊ दे, तो ताईला म्हणाला, मग निघ.

गरम झालं आणि आवाज जड झाला. मग आणखी जड. थाऊने ओरडून बंद कर म्हणेपर्यंत आत कुणीतरी कण्हल्यासारखं झालं आणि इंजिन जागीच जाम झालं.

उघडून पाहिल्यावर कळलं. त्या गाडीच्या ब्लॉकवर ओतीव आकडे होते आणि ते मागून, फ्लायव्हीलच्या बाजूने सुरू होत. बोअर करताना त्याने ते आकडे धरले होते. पिस्टन बसवताना मात्र हाताने ट्रकची सवय धरली आणि पुढून, पंख्याच्या बाजूने मोजलं. पहिल्याचा पिस्टन चौथ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. सगळा उलटा कारभार. मोठा पिस्टन लहान घरात पडला, तापून फुगला आणि चिकटला. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर थाऊने त्याला वर्कशॉपच्या दारात उभं केलं नसतं. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. पण चाळीस वर्षांत तो इतका थकलेलाही नव्हता.

त्या दिवशी ताईला दिसत होतं. हे इथे सांगून टाकलेलं बरं. त्या सकाळी तिला गल्लीच्या टोकाचं झाड दिसत होतं, समोरून येणारी सायकल दिसत होती, आणि गाडी चालती तर ती डोंगराच्या रस्त्यापर्यंत जाऊन परत आली असती. ती चाकावरचे हात तसेच ठेवून बसून राहिली. शेजारी घरात गेले. मग ती दार उघडून उतरली, चप्पल शोधायला खाली वाकली, आणि म्हणाली, "होतं असं." बस, एवढंच.

यापुढचं सगळं त्याने तिप्पट जपून केलं. खराब झालेल्या पिस्टनच्या जागी दुसरा शोधायला पुन्हा भंगारात गेला. तो मिळेना. मिळाला तो जरा मोठा होता, म्हणून सिलिंडर पुन्हा घासून त्याच्या मापाला आणला. प्रत्येक माप दोनदा घ्यायचा, तिसऱ्यांदा घ्यायचा, आणि घरी जेवताना शंका आली की ताटावरून उठून जायचा. उन्हाळा लागला. शेडचा पत्रा तापायचा आणि घाम ब्लॉकवर ठिबकायचा. पण तो थांबला नाही. फक्त आता घाई करत नव्हता, घाईची त्याला भीती बसली होती. एक चूक झाली होती, दुसरी होऊन चालणार नव्हती.

एका सकाळी ताईने चहा कपाच्या शेजारी ओतला. ओट्यावर चहा पसरला, खाली सांडला, पायावर आला. ती किटली तशीच धरून उभी राहिली. थाऊ तोवर कामाला गेला होता. तिने लेकीला फोन केला, लेक आली, डॉक्टरांकडे नेलं. चांगल्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, मधलं गेलं. ते आता परत येत नाही.

लेकीने हे त्याला दारात उभं राहून सांगितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. थाऊ घरात गेला, ताई खाटेवर बसली होती, तिच्याशेजारी बसला.  ती म्हणाली, जेवून घे. तो जेवला आणि शेडमध्ये गेला. कामाला हात लावला नाही, नुसता स्टुलावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा पाना हातात घेतला. आता काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. पण अर्धवट सोडायचं तरी कसं, आणि दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

इंजिन पुरं झालं. नुसतं पुरं झालं नाही, असं झालं की त्याच्याइतकं चांगलं काम त्याच्याही हातून पूर्वी झालं नव्हतं. तापवून पाहिलं, थंड करून पाहिलं, पुन्हा तापवलं. हेडला बोटं लावली तर आतला ठोका एकसारखा लागत होता. मग एका दुपारी तो घरात येऊन म्हणाला, "चल. गाडी झाली."

ताईने साडीचा पदर खोचला आणि त्याचा हात धरून बाहेर आली. चालकाच्या बाजूला वळली, जरा थांबली आणि मग स्वतःच फेरी मारून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. थाऊ चाकामागे बसला. आपल्याला हे येत नाही, हे त्याला पहिल्या वळणावरच कळलं.

वस्ती संपली, सरळ रस्ता लागला. गाडी अशी पळत होती की त्यालाच भीती वाटत होती. ताई मान मागे टाकून ऐकत होती. मध्येच म्हणायची, आता खालचा गिअर टाक. आता सोड. चढ लागेल, आधीच दाब. तिला समोरचं काही दिसत नव्हतं, पण पायाखालून आणि कानातून तिला सगळा रस्ता कळत होता. ती सांगेल तसं तो करत राहिला. एका चढावर इंजिनाने असा काही जोर लावला की ती हसली. खरंच हसली.

"बाबांना असं जमलं नसतं," ती म्हणाली.

गेलं वर्षभर त्याने जे ऐकायची वाट बघितली होती ते हेच.  त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. समोर कोरडी शेतं, वर आभाळ, दुसरं कुणी नाही.

"मी आधी करायला हवं होतं," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस तसं. नुसत्या रिंगा टाकून."

ताईने वाऱ्याने विस्कटलेले केस मागे सारले. मग म्हणाली, "गाडी चालवायची होती मला, ते खरं. नाही चालवली म्हणून मी मरत नव्हते. पण मला दिसत होतं ना, त्या सगळ्या दिवसांत तू त्या शेडमध्ये होतास. मी पायरीवर बसून बघायचे. मला तुझी पाठ दिसायची. रोज पाठच. आता डोळ्यांसमोर आणायला गेले की तीच येते."

 थाऊने चाकावरचे हात खाली घेतले.

"आता काहीच दिसत नाही माझं?" त्याने शेवटी विचारलं.

"कान दिसतात. खांदा दिसतो. मध्ये तोंडाच्या जागी राखाडी डाग आहे. कडेनेच दिसतं थोडं. तुझ्याकडे बघायचं तर मला तिकडे, शेताकडे बघावं लागतं."

"मग बघ शेताकडे."

तिने मान वळवली. तो सीटवर पूर्ण तिच्याकडे फिरून बसला, गुडघा गिअरला अडकला तरी बसला.

"जरा पुढे ये," ती म्हणाली. "नाही, इतका नाही. थोडा मागे. आता हनुवटी वर."

ती सांगेल तसा तो सरकत राहिला. मागून एक ट्रक जोरात निघून गेला आणि धूळ उडवून गेला. ती शेताकडे बघत होती आणि तो हलायचा थांबला होता.

"थांब. असाच राहा," ती म्हणाली. मग काही वेळाने, अगदी सावकाश, म्हणाली, "ही दाढी केव्हा वाढवलीस?"

"झाले बरेच महिने," थाऊ म्हणाला.

"सगळी पांढरी आहे," ती म्हणाली.